ओझें उचलण्याच्या साधनाची निवड

उंसाची गाडी साखर कारखान्याच्या गव्हाणीपाशीं उभी राहिली म्हणजे डोक्यावरून यारी सरकत येते, तारेच्या दोरांनीं बांधलेला सबंध भारा उचलते आणि चार माणसांना घाम आणणारें काम बघतां बघतां उरकते. हें दृश्य आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलें आहे. जिनिंग-प्रेस, तेलाची गिरणी किंवा दुरुस्तीचा कारखाना चालविणाऱ्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनाही आतां अशा साधनाची गरज भासूं लागली आहे. परंतु पुष्कळ ठिकाणीं आधीं दरपत्रकें मागवितात, त्यांत स्वस्त दिसेल तें साधन घेतात, आणि तें दारांत येऊन पडल्यावर टांगावयाचें कोठें याचा शोध सुरू होतो. हा क्रम अगदीं उलटा आहे.

प्रथम ओझ्याचा विचार करावा; आणि त्यांतही सर्वांत जड ओझें कोणतें व वारंवार उचलावयाचें ओझें कोणतें, या दोन गोष्टी निरनिराळ्या मांडाव्या. जिनिंग-प्रेसचें उदाहरण घेऊं. रुईची गांठ आपल्याकडे १७० किलोची धरतात; ती दिवसांतून शंभर वेळां उचलावी लागेल. उलट, प्रेसचा एखादा भाग दुरुस्तीकरितां काढावयाचा झाला तर एक टन, म्हणजे १००० किलो, वजन उचलावें लागेल. पण तें वर्षांतून एक-दोनदां. दोन्ही कामांसाठीं एकच मोठें साधन घेण्याचा मोह होतो. तो आवरावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

दुरुस्तीच्या कामाला हातानें चालवावयाची साखळीची कप्पी पुरेशी होते. कारागीर तिला चेन-कप्पी किंवा चेन-ब्लॉक म्हणतात. इंग्लंडांत टॉमस वेस्टन यानें १८५४ सालीं या प्रकारची कप्पी काढली. तींत एकाच कण्यावर किंचित् लहानमोठीं दोन चाकें असतात. मोठ्या चाकाला १० व लहानाला ९ खांचे असले, तर हिशेबानें ताकद २० पट होते. प्रत्यक्षांत निम्म्याहून अधिक घर्षणांत जाते. पण हेंच घर्षण उपकारक ठरतें, कारण हात सोडला तरी ओझें खालीं येत नाहीं. मोटेचे बैल मागें सरले कीं मोट खालीं जाते, तसें येथें होत नाहीं. हल्लींच्या कप्प्यांत बहुधा दांतेरी चाकें व ओझ्याच्या भारानेंच आवळला जाणारा ब्रेक असतो, त्यामुळें घर्षणांत कमी शक्ति जाते.

तथापि कप्पीनें श्रम नाहींसे होत नाहींत, ते लांबीवर पसरतात. एक गांठ ३ मीटर चढविण्यास, ३० किलोच्या ओढीनें, १७ मीटर साखळी ओढावी लागते. घर्षण धरलें तर वीस मीटरांहून अधिक. शंभर गांठींना ही ओढ दोन किलोमीटरांच्या वर जाते! गडी पहिले दोन दिवस हौसेनें ओढील, तिसऱ्या दिवशीं गांठ पुन्हां पाठीवर घेईल.

म्हणून गांठींसाठीं विजेचा होइस्ट घ्यावा. अर्धा टन ओझें मिनिटाला ६ मीटर वेगानें चढविण्यास सुमारें एक अश्वशक्तीची मोटार लागते, म्हणजे खर्च वाटतो तेवढा मोठा नाहीं. मात्र विकणारास केवळ 'किती टनांचा?' असें विचारून भागत नाहीं. दिवसांतून किती वेळ चालेल हें सांगून तो कोणत्या कार्यवर्गाचा आहे हें लिहून घ्यावें. हे वर्ग एम-१ पासून एम-८ पर्यंत असतात. हलक्या वर्गाचा होइस्ट दिवसभर राबविला तर ओझें मर्यादेंत असूनही तो लौकर झिजतो.

खेड्यांतील विजेची एक खोड येथें ध्यानांत ठेवावी. विजेचा दाब ८० टक्क्यांवर आला तर मोटारीचा फिरविण्याचा जोर ६४ टक्केच उरतो. मोटार गुणगुणत उभी राहते आणि जळते. वीज अजीबात गेली तर स्प्रिंगचा ब्रेक लागून ओझें अधांतरीं लटकत राहतें. तें तसें लटकत असतां खालून ये-जा करणें हा शुद्ध वेडेपणा होय, मग यंत्र कितीही नामांकित असो. जिनिंगमध्यें कापसाचे तंतू हवेंत उडत असल्यामुळें मोटार व बटणें पूर्ण झांकलेलीं असावीं.

आतां टांगावयाचें कोठें? पत्र्याच्या शेडच्या कैंच्या पत्र्याचा भार व वारा सोसण्यासाठीं केलेल्या असतात, ओझें टांगण्यासाठीं नव्हे. दोन टोकांवर टेकलेल्या तुळईच्या मध्यावर तेंच ओझें टांगून अंतर दुप्पट केलें, तर तुळईवरचा वांक आणणारा ताण दुप्पट होतो आणि ती आठपट लवते. यासाठीं स्वतंत्र खांबांवर लोखंडी तुळई बसवावी, आणि तिचें माप इंजिनियराकडून काढून घ्यावें. एकाच रेषेंत माल न्यावयाचा असेल तर एक तुळई व तिच्यावर चालणारी ट्रॉली पुरे. सबंध शेडभर फिरणारी यारी बहुतेक संस्थांना लागत नाहीं. कप्पी व आंकडे मिळून बरीच उंची खातात, तीही आधीं मोजावी.

आधाराकडे दुर्लक्ष केल्यानें काय होतें तें आम्हीं आमच्याच मळ्यांत पाहिलें आहे. विहिरींतून सुमारें ४०० किलोंचें इंजिन काढावयाचें होतें. कप्पी एक टनाची, नवी व उत्तम होती. परंतु लांकडी तिवईचा एक पाय ओल्या दगडावर टेकला होता आणि तिन्ही पाय एकमेकांस बांधण्याचें कोणास सुचलें नाहीं. इंजिन कांठावर आलें, पाय सरकला, आणि आमच्या एका जुन्या गड्याच्या पायाचीं दोन बोटें गेलीं. कप्पीला ओरखडाही आला नव्हता.

ओझें बांधण्याची रीतही ताकद खाते. दोराचे दोन पदर आंकड्याला लावले असतां त्यांच्यामधील कोन ६० अंश असेल तर १००० किलोंच्या ओझ्यानें प्रत्येक पदरावर ५७७ किलो ताण येतो; ९० अंशांस ७०७ आणि १२० अंशांस पूर्ण १००० किलो. म्हणजे आंखूड दोर वापरून केलेली बचत महागांत पडते.

जुना माल घेणाऱ्यांनीं आंकड्याचें तोंड उघडलें आहे काय व साखळीच्या कड्या लांबल्या आहेत काय, हें नव्या मापाशीं ताडून पाहावें. वेल्डिंग केलेली कडी दिसली तर तो सौदा तेथेंच सोडावा, कारण त्या उष्णतेनें कडीच्या पोलादाचें पाणी उतरतें. नव्या हातकप्पीवर भारतीय मानक ३८३२ चा उल्लेख व सुरक्षित भाराचा आंकडा असावा, आणि चांचणीचा दाखला सोबत घ्यावा. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २९ व्या कलमानें अशा साधनांची बारा महिन्यांतून एकदां तरी जाणकाराकडून तपासणी करण्याची सक्ति केली होती. ज्या लहान शेडला कोणताच कायदा लागत नसेल तेथेंही ही तपासणी हंगामापूर्वीं करून घ्यावी, आणि तुळईवर तिचा सुरक्षित भार खालून वाचतां येईल अशा मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवावा.