सही झाकून पाहा

देवळा

चि. सोनू,

फोनवर म्हणालीस, एक आठवडा रविवर्मा, पुढचा धुरंधर, मग हळदणकर, असा एकेक चित्रकार तू संपवत चालली आहेस. ओळीने पाहिली की चित्रं डोक्यात बसतात, असंही म्हणालीस. बसतात गं, पण परीक्षेत ती ओळीने येणार नाहीत.

नेट कॉर्नेल आणि रॉबर्ट ब्योर्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली यावरच एक प्रयोग प्रसिद्ध केला. १२ चित्रकारांची प्रत्येकी ६ निसर्गचित्रं. निम्म्यांची सलग दाखवली, उरलेल्यांची एकमेकांत मिसळून. मग त्याच चित्रकारांची न पाहिलेली चित्रं पुढे ठेवून विचारलं, हे कुणाचं? मिसळून पाहिलेले चित्रकार लोकांनी जास्त अचूक ओळखले. आणि गंमत अशी की, कोणत्या पद्धतीने चांगलं शिकलात असं विचारल्यावर बहुतेकांनी सलग पाहण्याच्याच बाजूने कौल दिला. तेव्हा 'बसलं' असं वाटण्यावर फार विसंबू नकोस.

आपल्या खळ्यावर कांदा निवडायला बसलेल्या बायका बघ. नवी पोर आली तर तिला आज नुसती गोल्टी (बारीक कांदा), उद्या नुसता जोड असं कुणी शिकवत नाही. मिसळलेल्या ढिगापुढेच बसवतात, कारण जोड कांदा कळतो तो शेजारच्या चांगल्या कांद्यामुळे.

म्हणून ज्यांची गल्लत होते त्यांनाच एकत्र ठेव. चित्रकार रझांचा बिंदू आणि धुरंधरांची नऊवारीतली बाई शेजारी ठेवून काही शिकायला मिळत नाही. दलाल, मुळगावकर आणि एस. एम. पंडित घे. तिघंही १९१६ ते १८ दरम्यान जन्मलेले, तिघांनीही देवदेवता आणि पुराणातल्या नायिका रंगवल्या, तिघंही छापील कागदावरून घराघरांत पोचले. मुळगावकरांच्या कॅलेंडरवरची लक्ष्मी तर चौकट करून देवघरात गेली! मुळगावकरांची कांती तुकतुकीत, एक छटा दुसरीत कुठे विरली ते सापडत नाही. दलालांकडे रेषा पुढे येते, रंग पुष्कळदा सपाट आणि आकार नक्षीसारखे बसवलेले. पंडितांचे देव कसलेले, पिळदार अंगाचे, आणि प्रकाश नाटकातल्यासारखा. हे मी सांगितलं म्हणून वहीत उतरवू नकोस. चित्रं पत्त्यांसारखी पिस, सही अंगठ्याखाली झाक, आधी नाव घे, मगच अंगठा काढ. चुकलीस तर कशामुळे फसलीस ते त्याच चित्रात शोध.

चेहरा किंवा विषय बघून मात्र नाव घेऊ नकोस. विषय कुणीही उचलतो. शिवाय चित्रकारही बदलतो. १९५० साली फ्रान्सला जाण्याआधीची रझांची मुंबईची जलरंगातली चित्रं बघ. बिंदूवरून त्यांना ओळखू पाहशील तर ती हातातून निसटतील. प्रत्येकाची सुरुवातीची, मधली आणि शेवटची चित्रं ढिगात हवीत.

एखाद्या अगदी अनोळखी चित्रकाराची पहिली दोन-चार चित्रं सलग पाहिलीस तर माझी हरकत नाही. मग तोही ढिगात टाक.

दिवाळीला येशील तेव्हा माळ्यावरची ट्रंक उतरवू. आजोबांचे जुने दिवाळी अंक आणि कॅलेंडरं तीत आहेत, काहींना वाळवी लागली आहे. येताना जाड पुठ्ठा आण, सह्या झाकायला.

तुझा,
मामा