दुधाच्या नळ्यांतला कॅन्सर

या पानात ऊस, खत, पाणी यांवर आपण नेहमीच बोलतो. या खेपेस विषय निराळा घेतला आहे. बायकांचा विषय म्हणून कारभारी मंडळींनी पान उलटू नये. दवाखान्याला कधी जायचे हे बऱ्याच घरांत अजून तेच ठरवतात.

स्तनात दूध तयार करणारे साधारण १५ ते २० भाग असतात. प्रत्येकातून बारीक नळ्या निघतात आणि एकमेकींना मिळत स्तनाग्राशी, म्हणजे बोंडाशी येतात. रानातले निचऱ्याचे चर लहानातून मोठ्यात मिळत जातात, तसेच हे. नळीला आतून पेशींचे अस्तर असते. त्याबाहेर दूध पुढे ढकलणारा थर आणि सर्वांत बाहेर एक पातळ पडदा. हा पडदा म्हणजे चराचा बांध समजा. रक्तवाहिन्या बांधापलीकडे.

कॅन्सर बहुधा अस्तराच्या पेशींत सुरू होतो. पेशी बेसुमार वाढून नळी भरते, मग त्या नळीतूनच मागेपुढे सरकतात, फाट्यांत शिरतात. चरात लव्हाळा माजून चर धरूनच लांब जावा आणि शेजारच्या सरीत काडीही नसावी, तसा प्रकार. नळीच्या आत रक्त पोचत नाही. त्यामुळे दाटी झाली की काही वेळा मधल्या पेशी मरतात आणि तिथे चुन्याचे कण साचतात. ते हाताला लागत नाहीत, दुखतही नाहीत. मॅमोग्राफीच्या फोटोत मात्र पांढरे ठिपके दिसतात, कधी कधी ओळीने, नळीची वाट दाखवीत.

डॉक्टर याला शून्य अवस्था म्हणतात. मग शून्य असताना एवढा भाग का कापतात, अशी शंका घेतली जाते. शंका रास्त आहे. आजार बांधाआत असला तरी नळीत किती लांब गेला हे बाहेरून नेमके कळत नाही. सौम्य जातीत तर मध्ये थोडी जागा कोरी सोडून पुढे पुन्हा पेशी सापडतात. म्हणून सर्जन भोवतीचा निरोगी काठ धरून भाग काढतात. काठ स्वच्छ न निघाल्यास पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, आणि पसारा फार असेल तर सगळा स्तन काढतात. स्तन राखला तर बहुधा किरणोपचार देतात. त्याने त्याच स्तनात आजार उलटण्याचा धोका जवळजवळ निम्मा होतो. केमोथेरपी या अवस्थेत लागत नाही.

बांध फुटला की काखेतल्या गाठी, हाडे, फुप्फुसे असा रस्ता मोकळा होतो. काहींचा बांध जन्मभर फुटत नाही. पण कोणाचा फुटेल हे खात्रीने सांगता येत नाही, म्हणून "गळीत संपल्यावर बघू" हे आम्हांला मुळीच पटत नाही.

कधी या पेशी बोंडाच्या कातडीत शिरतात. जेम्स पॅजेट या इंग्रज सर्जननी १८७४ साली हे वर्णन केले. दिसायला इसबासारखे, खाज आणि खपली. मलमे लावण्यात महिने जातात! मलमाने हटत नसेल तर तुकडा काढून तपासायला सांगावे. एकाच बोंडातून आपोआप रक्ताळ पाणी येत असेल, तरीही दाखवावे. ते दर वेळी कॅन्सरच असते असे नाही.

मॅमोग्राफी गावोगावी नाही, हे खरे. पण टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईत सुमारे दीड लाख बायकांची पाहणी केली. त्यांतल्या निम्म्या बायकांना शिकवून तयार केलेल्या सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासले. पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. हाताला लागते ती गाठ बहुधा बांध फुटल्यानंतरची, पण ती लहान असतानाच सापडली. दवाखान्यात जाताना जुने फोटो आणि तुकड्याचा अहवाल सोबत न्यावा, आणि काठ स्वच्छ निघाला का, हे विचारून घ्यावे.