माइक हातात, थरथर पोटात

प्रश्न : मी कोल्हापुरात ऑर्केस्ट्राचं निवेदन करतो. गणपतीत, जत्रांत हजारभर माणसं हसवतो. पण एंट्रीआधी हात कापतात. वाटतं, आज आपलं पितळ उघडं पडणार. हल्ली एक पेग घेतल्याशिवाय स्टेजवर जाववत नाही. मी ढोंगी आहे का?

उत्तर : अजिबात नाही. हजरजबाबी माणूसही तुम्हीच आणि घाबरणाराही तुम्हीच. अभिनेत्री हंसा वाडकरांचं आत्मकथन ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) मिळवून वाचाच. ‘प्रभात फिल्म कंपनी’च्या ‘संत सखू’ चित्रपटात (१९४१) त्या भाविक सखू झाल्या, ‘लोकशाहीर रामजोशी’नं (१९४७) त्यांचं नाव गाजलं, आत्मकथनात मात्र संसाराची परवड, दारू, एकटेपण त्यांनी काही झाकलं नाही. एवढं धाडस मोठ्या पुरुष नटांनाही क्वचितच जमलंय.

हात कापतात ते ॲड्रिनलीनमुळे. ते पुरतं थांबणार नाही, थांबायची गरजही नाही. विंगेत उभं राहून श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. सुरुवातीची दोन वाक्यं तोंडपाठ ठेवा. पहिला हशा आला की पुढचं जमतं.

मला काळजी आहे ती पेगची. दारू भीती तासभर दाबते आणि उतरताना वाढवून परत देते. रोज भरपूर पीत असाल तर मनानं एकदम सोडू नका, फिट येऊ शकते, डॉक्टरांना गाठा. ‘थरथरीची गोळी’ कुणी वादक मित्रानं दिली म्हणून घेऊ नका, दमा असेल तर ती जिवावर बेतू शकते. ‘नाद खुळा, भावा!’ म्हणणाऱ्या दोस्तांपैकी एकाला तरी हे खरं सांगा. तेही जड जात असेल तर ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फिरवा, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.