खवट माल

तेल खवट झालंय की नाही, हे मला डब्याचं झाकण उघडताच कळतं. कराडला आमचं तेल-किराण्याचं दुकान वडिलांपासूनचं. तीसेक वर्षं मी स्वतः गल्ल्यावर बसलो. या नाकाच्या घमेंडीनेच मला हृदयरोगाच्या वॉर्डात नेऊन निजवलं, म्हणून ही हकीकत.

छप्पन्नाव्या वर्षी रक्त तपासलं. एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, १६२ निघालं. डॉक्टरांनी स्टॅटिनची गोळी दिली आणि तंबाखूची पुडी कायमची टाकायला सांगितली. पुडी दोनवरून एकावर आली, एवढंच. गोळी मात्र मी इमानाने घेतली. तीन महिन्यांत एलडीएल ९४ वर उतरलं. मग पोटऱ्या दुखायला लागल्या. त्याच सुमारास मोबाइलवर एक व्याख्यान ऐकलं: कोलेस्टेरॉल मुळात वाईट नाही, त्याचं ऑक्सिडेशन वाईट.

ऑक्सिडेशन म्हणजे प्राणवायूमुळे चरबी बिघडणं; आमच्या भाषेत खवट होणं. मला ते झटकन पटलं. तेल टिकावं म्हणून कंपन्या त्यात खवटपणा रोखणारे पदार्थ घालतात. शेंगतेलात तर ई जीवनसत्त्व निसर्गतःच असतं. मग तेच आपल्या पोटात घातलं की झालं! गोळी बंद केली आणि ई जीवनसत्त्वाच्या ४०० युनिटच्या कॅप्सूल सुरू केल्या. आमच्या मंडळींनी विचारलं, “डॉक्टरांना विचारलंत का?” मी म्हणालो, “त्यांना तेलातलं काय कळतं?”

पुढे ऑक्सिडाइज्ड एलडीएलची महागडी तपासणीही करून घेतली. ‘मर्यादेत’ असा शेरा आला. त्याच कागदावर साधं एलडीएल १५८ होतं, तिकडे मी बघितलंसुद्धा नाही.

वर्षभराने, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, दुकानात गाठींसाठी गर्दी होती. मला दरदरून घाम फुटला, छातीवर पोतं ठेवल्यासारखं झालं आणि जबडा भरून आला. पित्त म्हणून सोडा प्यायलो आणि गोदामात आडवा झालो. दोन तास असेच गेले. शेवटी सुनेने १०८ ला फोन लावला. एक रक्तवाहिनी पूर्ण बंद होती, स्टेंट बसला. वाया गेलेल्या त्या दोन तासांत हृदयाचा जो भाग गेला, तो परत येत नाही. आता जिना चढताना मध्ये थांबावं लागतं.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, “काका, तुमचं निम्मं बरोबर होतं.” रक्तात एलडीएल जास्त झालं की ते रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराखाली शिरतं आणि तिथे अडकून पडतं. खवट होतं ते मुख्यतः तिथे. शरीर त्याला परकं समजतं. सफाई करणाऱ्या पेशी ते गिळत सुटतात, चरबीने फुगतात, फेसाळ दिसू लागतात आणि तिथेच मरतात. त्यांचा थर साचतो, सूज येते, वरचं पातळ आवरण एखाद्या दिवशी फाटतं आणि तिथे रक्ताची गुठळी होते. माझं तेच झालं होतं.

“मग ई जीवनसत्त्वाने का थांबलं नाही?” मी विचारलं. ते म्हणाले, तुमच्यासारखाच विचार शास्त्रज्ञांनीही केला होता आणि तो माणसांवर तपासूनही पाहिला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ चाचणीत नऊ हजारांहून जास्त लोकांना साडेचार वर्षं ई जीवनसत्त्व किंवा नुसती दिखाऊ गोळी दिली होती. हृदयविकाराच्या झटक्यांमध्ये फरक पडला नाही. २००२ साली ब्रिटनमधल्या वीस हजारांहून जास्त लोकांच्या चाचणीत ई, सी आणि बीटा-कॅरोटिन एकत्र देऊनही काही साधलं नाही. त्याच चाचणीत स्टॅटिनने मात्र झटके आणि पक्षाघात सुमारे एक चतुर्थांशाने कमी केले.

तेव्हा माझ्या दुकानदारीचा खरा धडा मला आठवला. पावसाळ्याच्या तोंडावर शेंगदाणा जास्त भरला, तर पडून राहिलेला माल खवट होणारच. शहाणा दुकानदार मालच बेताने भरतो. एलडीएल उतरवणं म्हणजे तेच.

म्हणून माझ्यासारख्यांना चार गोष्टी सांगतो.

गोळीने अंग दुखलं तर डॉक्टरांना सांगा. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. परस्पर बंद करू नका.

खवटपणाच्या वेगळ्या तपासणीवर पैसे घालण्याआधी साधं एलडीएल बघा; उपचार त्याच आकड्यावर ठरतात. खवटपणाच्या तपासणीतला रक्तातला आकडा रक्तवाहिनीच्या भिंतीत काय साचलंय ते सांगत नाही.

विडी, सिगारेट, तंबाखू, मिसरी पूर्ण सोडा. धुरामुळे एलडीएल लवकर बिघडतं. मधुमेह आटोक्यात नसला तरी तेच होतं. रक्तदाबही सांभाळा.

तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. २०१८ च्या जुलैपासून सरकारी नियमच आहे: तेलातले ध्रुवीय घटक, म्हणजे तापून तयार झालेला बिघाड, २५ टक्क्यांवर गेला की ते तेल वापरायचं नाही. पण ताजं घाण्याचं तेल खातो म्हणून आपण सुटलो, असंही समजू नका. मी तेच खात होतो.

आणि घाम, जबडा, छातीवरचं ओझं यांना पित्त म्हणू नका. सोडा बाजूला ठेवा आणि १०८ लावा.

परवाच्या रिपोर्टात माझं एलडीएल ५२ आलं. डॉक्टरांना ते ५५ च्या खाली हवं होतं. कागद घेऊन घरात शिरलो, तर मंडळींनी चष्म्यावरून बघत विचारलं, “डॉक्टरांना दाखवलात का?”

“आधी त्यांनाच दाखवला,” मी म्हणालो.