ऋण सोडणं म्हणजे नक्की काय?

आजचं वाचन : मत्तय 18:21-35



आजच्या भागात पेत्र प्रभूला एक हिशोबी प्रश्न विचारतो. भावाने माझा अपराध केला तर किती वेळा क्षमा करू? सात वेळा पुरे का? त्याला वाटलं असेल, सात म्हणजे भरपूर झालं. प्रभू सातावर थांबत नाही, सातच्या सत्तरपट सांगतो आणि मग एका देणेकऱ्याचा दाखला देतो.

दाखल्यातले आकडे जरा नीट बघू या. दिनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. दुसऱ्या चाकराचं देणं होतं 100 दिनार, म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांचा पगार. एवढे पैसे कोणी बुडवले तर आपल्यापैकी कोणाला झोप लागेल? प्रभू ही रक्कम मुद्दाम किरकोळ ठेवत नाही. तुम्हाला जे लागलंय ते खरंच लागलंय, हे त्याला माहीत आहे.

पण पहिल्या चाकराचं स्वतःचं देणं होतं 10,000 तालांत. एक तालांत म्हणजे साधारण 6,000 दिनार. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी! कितीही जन्म राबला तरी फिटणार नाही. राजाने ते सगळं सोडलं आणि हा बाहेर येऊन 100 दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो.

आपण मराठीत प्रभूची प्रार्थना म्हणतो, तेव्हा 'ऋण' आणि 'सोडणे' हेच शब्द तोंडी येतात. मला हे फार मोलाचं वाटतं. ऋण सोडायचं तर आधी ऋण होतं हे मान्य करावं लागतं. "जाऊ दे, काही झालंच नाही" असं म्हणणं म्हणजे क्षमा नाही. झालं, नुकसानही झालं, पण मी वसुली करणार नाही, ही क्षमा.

आमच्या सातारा-सांगली भागात भाऊबंदकी कोणाला समजावून सांगावी लागत नाही. बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, सातबाऱ्यावरच्या एका नावावरून घरं तुटतात. आपली ख्रिस्ती घरंही यातून सुटलेली नाहीत. माझ्या घरातही असं एक येणं आहे. एका जवळच्या नातेवाइकाने वडिलांकडून घेतलेले पैसे पुढे सरळ नाकारले. सणाला सगळे जमले की ती गोष्ट माझ्या मनात पुन्हा वर येते. तेव्हा मी मनातल्या मनात म्हणते, "प्रभू, हे मी सोडलंय, आज परत सोडते." सातच्या सत्तरपटीचा एक अर्थ मला इथेच कळला. दर वेळी नवा अपराध असतोच असं नाही. कधीकधी एकच जुना अपराध पुन्हा पुन्हा सोडावा लागतो.

या बाबतीत मला लक्ष्मीबाई टिळक खूप शिकवतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो पत्नीला विश्वासात न घेता. त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या बाईवर काय कोसळलं असेल, विचार करा. नवरा असून नसल्यासारखा, वर लोकांचे बोल. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, तरी सुरुवातीला आपलं सोवळंओवळं आणि वेगळा स्वयंपाक त्यांनी सोडला नाही. त्या हळूहळू बदलल्या आणि पुढे स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, तेव्हाही त्या त्यांच्या सोबत होत्या.

त्यांचं 'स्मृतिचित्रे' वाचलंय का? नसेल तर जरूर वाचा. टिळकांचा राग, लहर, विसराळूपणा, स्वतःला झालेला त्रास, सगळं त्यात आहे. त्या काहीच विसरलेल्या नाहीत. पण वाचताना कुठेही त्या वसुलीला निघाल्यासारखं वाटत नाही. उलट आपण हसतो. 1919 साली टिळक गेले, तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. ते पुढे लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केलं. ज्या माणसाने इतकं दुखावलं, त्याचंच अर्धं राहिलेलं काम हाती घेणं! मला तरी क्षमेचं याहून चांगलं चित्र सापडलेलं नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण तुमच्यापैकी काहींना हे ऐकण्याची गरज असेल. क्षमा केली म्हणजे लगेच विश्वास टाकायलाच हवा असं नाही. योसेफाने भावांचा सूड घेतला नाही, पण आपली ओळख देण्याआधी ते बदललेत का हे पारखून घेतलं (उत्पत्ती 42 ते 45). घरात कोणी मारहाण करत असेल, कोणी अत्याचार केला असेल, तर सुरक्षित ठिकाणी जाणं, पोलिसांत तक्रार करणं हे क्षमेच्या विरुद्ध नाही. रोमकरांस पत्राच्या 12 व्या अध्यायात पौल सूड देवावर सोपवायला सांगतो आणि लगेच 13 व्या अध्यायात अधिकारी हे देवाने न्यायासाठी नेमलेले सेवक आहेत असंही सांगतो. मनातली वसुली सोडायची. न्याय मागण्याचा मार्ग बंद करायचा नाही.

आज करून बघा :

1. एका कागदावर एकच नाव लिहा. त्या व्यक्तीने तुमचं काय नेलं, तेही लिहा : पैसे, मान, वर्षं, विश्वास. गुळमुळीत लिहू नका.

2. त्याखाली प्रभूने तुमचं काय सोडलं, ते लिहा.

3. मग त्या व्यक्तीसाठी एक चांगली गोष्ट देवाजवळ मागा. मनापासून जमत नसेल तर तसंच प्रभूला सांगा. आणि उद्या परत मागा.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, माझं न फिटणारं देणं तू वधस्तंभावर फेडलंस. मला झालेली जखम तुला दिसते, म्हणून ती मी लपवत नाही. आज ही वसुली मी तुझ्या हाती देते. ती पुन्हा मागावीशी वाटली तर मला परत तुझ्याजवळ आण. येशूच्या नावाने मागते. आमेन.