मशेरीचा डबा आणि गर्भारपणाचे पहिले तीन महिने

गरोदर स्त्रीने धूम्रपान करू नये, हा सल्ला वैद्यकीय पुस्तकांत छापलेल्या शब्दांतच जामनेर तालुक्यातील स्त्रीला दिला, तर तो तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. कारण खानदेशातील स्त्रिया सहसा विडी-सिगारेट ओढत नाहीत, आणि नावनोंदणीच्या वेळी त्याबद्दल विचारल्यावर त्या जे ‘नाही’ म्हणतात ते अगदी खरे असूनही तंबाखूचा प्रश्न जागच्या जागी राहतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया शंभरात दोनही भरल्या नाहीत. परंतु धूरविरहित तंबाखू, म्हणजे जी ओढली न जाता चघळली, दाढेखाली धरली किंवा हिरड्यांना चोळली जाते ती, वापरणाऱ्या स्त्रिया शंभरात सोळांहून अधिक होत्या. म्हणून या भागात गर्भवतीला विचारण्याचा खरा प्रश्न ‘मशेरी लावता का?’ हा आहे, आणि तो तिची सासू शेजारी उभी नसताना विचारला पाहिजे.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी पडेपर्यंत भाजून, हाताने चुरडून चाळलेली तंबाखू. ती पत्र्याच्या डबीत भरून चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवलेली असते. सकाळी तर्जनीवर चिमूटभर घेऊन ती दातांवर फिरवली जाते, खालच्या ओठाच्या आत दाबून धरली जाते, आणि चूळ भरेपर्यंतच्या वेळात तिच्यातील निकोटिन रक्तात उतरलेले असते. भाजल्याने तंबाखूतले विष जळून जाते ही समजूत चुकीची आहे, कारण पुरेसे निकोटिन त्यात शिल्लक राहतेच, शिवाय पान करपताना कर्करोगास कारणीभूत ठरणारी आणखी काही रसायने तयार होतात. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास १९९२ पासून देशभर बंदी आहे. घरी भाजलेल्या मशेरीला मात्र दात घासण्याची पूड म्हणून आजही घराघरांत मान आहे, आणि याच मानामुळे ती व्यसनांत मोजली जात नाही.

पाळी चुकल्यानंतरचे पहिले बारा आठवडे या दृष्टीने विशेष नाजूक असतात. याच काळात मळमळ आणि कोरड्या उलट्या सुरू होतात, तोंडाला चव राहत नाही, शौचाला साफ होत नाही, आणि पुढे लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की बद्धकोष्ठाची तक्रार वाढते. या सर्वांवर उतारा म्हणून दिवसातून एकदा लागणारी मशेरी तीनदा-चारदा लावली जाऊ लागते. कपाशीच्या वेचणीला पहाटे निघणाऱ्या बाईच्या बाबतीत तर ती भूकही मारते, म्हणजे ज्या दिवसांत दोन घास जास्त पोटात जायला हवेत त्याच दिवसांत ती उपाशीपोटी राबते.

निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे गर्भाशयाकडे आणि वारेकडे, म्हणजे गर्भाला रक्त, प्राणवायू व अन्न पुरवणाऱ्या अवयवाकडे, जाणारा रक्तप्रवाह कमी होतो; शिवाय ते वार ओलांडून गर्भाच्या रक्तातही शिरते. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या सुब्रमोनी यांनी मुंबईतील १२१७ गर्भवतींचा प्रसूतीपर्यंत मागोवा घेऊन २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलेले निष्कर्ष महाराष्ट्रातील प्रत्येक आरोग्यसेविकेला पाठ असावेत असे आहेत. त्यांतील तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांपैकी बहुतेक मशेरी लावणाऱ्याच होत्या. त्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती आणि गर्भावस्थेचा काळ सरासरी सहा दिवसांनी कमी भरला. याच संशोधकांच्या पुढील लेखात मूल मृत जन्मण्याचा धोका अशा स्त्रियांत सुमारे अडीचपट आढळला. शंभर ग्रॅम ऐकायला थोडे वाटतात. परंतु आई रक्तक्षयी आणि बाळाचे वजन अडीच किलोच्या काठावर असते तेव्हा तेवढ्यानेच ते कमी वजनाच्या बालकांत मोजले जाते.

यातील आशेची बाजू अशी की, लवकर सोडल्यास बरेच नुकसान टळू शकते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील सिगारेट ओढणाऱ्या गर्भवतींच्या २००९ सालच्या अभ्यासात, पंधराव्या आठवड्यापूर्वी सिगारेट सोडलेल्या स्त्रियांत अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचे आणि खुरटलेल्या बाळांचे प्रमाण सिगारेट न ओढणाऱ्या स्त्रियांइतकेच आढळले. तो अभ्यास मशेरीचा नव्हे. तरीही निकोटिन दोन्हींत तेच असल्याने, नावनोंदणी तिसऱ्या महिन्याच्या आत करण्याचा आग्रह याही कारणासाठी धरला पाहिजे. उशीर झाला असल्यास सोडण्यात अर्थ नाही असे मात्र कोणीही समजू नये, कारण बाळाचे वजन मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत वाढते.

मशेरी सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस डोके जड होते, चिडचिड होते, झोप लागत नाही. नंतर हा त्रास उतरत जातो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत बराचसा थांबतो. तल्लफ आली तरी ती काही मिनिटांतच ओसरते, तेवढ्या वेळापुरती बडीशेप, भाजलेले तीळ किंवा आवळ्याची फोड तोंडात धरावी. दातांसाठी साधी टूथपेस्ट अथवा कडुनिंबाची काडी पुरते. बद्धकोष्ठासाठी भरपूर पाणी, पालेभाजी आणि भाकरी, आणि तेवढ्याने न भागल्यास डॉक्टरांना विचारून औषध घ्यावे, परंतु त्यासाठी लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. व्यसन सोडवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्या गर्भारपणात घेऊ नयेत असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये सांगितले आहे, आणि निकोटिनचे च्युइंगमही स्वतःच्या मनाने दुकानातून आणू नये. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी होते, तेथे मशेरीविषयी मोकळेपणाने बोलावे. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन विनामूल्य मिळते.

हे सर्व एकट्या सुनेवर सोपवणे अन्यायाचे आहे. सासू रोज सकाळी तिच्यासमोर डबी उघडत असेल आणि नवरा घरातच विडी ओढत असेल, तर तिचा निग्रह किती दिवस टिकणार? विडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील प्राणवायूची जागा अडवतो, आणि तो शेजारी बसलेल्या गर्भवतीच्या श्वासातूनही बाळापर्यंत जातो. तेव्हा नवऱ्याने विडी घराबाहेर न्यावी, सासूने डबी नजरेआड ठेवावी, आणि घरात तंबाखू भाजणे निदान या नऊ महिन्यांत थांबवावे. पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी माहेरी येते तेव्हा आई मायेनेच म्हणते, ‘आता मोकळी झालीस, लाव थोडी’. अशा वेळी त्या आईला आधीच सांगून ठेवलेले असावे की निकोटिन अंगावरच्या दुधातही उतरते, आणि ते पिणारे बाळ नीट झोपत नाही.