व्यायाम आणि हृदय: संशोधनाची वाट

प्रश्न : मी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. व्यायाम आणि हृदयविकारावर संशोधन करायचंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर : ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेरी मॉरिस यांच्यापासून. त्या काळी लंडनच्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर मात्र सतत जिने चढणारा. कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, हे मॉरिस यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. पण ते तिथे थांबले नाहीत. त्यांनी गणवेशांची मापं तपासली. ड्रायव्हरांची कंबर मुळातच मोठी निघाली! म्हणजे फरक सगळा जिन्यांचा नव्हता. आपल्याच निष्कर्षाला असं टोकणं मला फार मोलाचं वाटतं. एमपीटी, पीएचडी ओघाने होईलच; अशी तपासणी करता यावी म्हणून संख्याशास्त्राचा अभ्यास मात्र आजपासूनच सुरू करा.